जोडीनं दाखवायचं घर

रिकामा कंटेनर तपासायची एक रीत आहे. सर्व्हेअरनं आत जायचं, दारं बाहेरून लावून घ्यायची आणि काळोखात गप उभं राहायचं. पत्र्याला कुठं भोक असेल तर तिथून उजेड टाचणीसारखा आत येतो. काहीच आलं नाही तर तो सांगतो, माल खुशाल भरा.

*

‘शेवटचे काही फ्लॅट शिल्लक.’ बिल्डरनं हा फलक इमारतीवर लावला त्याला एवढे उन्हाळे झाले की ‘शेवटचे’ हा शब्द उडून गेला. आता नुसते ‘काही फ्लॅट शिल्लक’.

*

रंजिताचं मंगळसूत्र. संध्याकाळच्या आत परत द्यायचं, तिला बारशाला जायचंय.

*

जहाज वादळात सापडलं आणि ते वाचवायला काही माल समुद्रात लोटावा लागला, तर तो तोटा ज्याचा माल गेला त्या एकट्याचा नसतो. ज्यांचा माल वाचला त्यांनीही त्यात आपला वाटा उचलायचा. कायदा फार जुना आहे, आणि अजून चालतो.

*

भाजी कसलीच करायची नसताना दोन कांदे चिरून फोडणीला टाकायचे.

*

बी विंगची लिफ्ट आपणहून खाली जात नाही. शेवटचा माणूस जिथं उतरला तिथंच उभी राहते. कुंदन संध्याकाळी चौदाव्या मजल्यावर उतरतो. सकाळी बटण दाबलं की दार लगेच उघडतं.

*

हे सगळं सामान एकाच रविवारचं. उलव्याच्या त्या टॉवरमधला आपला फ्लॅट कुंदन म्हात्रेला विकायचा होता, आणि दलाल अंकुशनं त्याला बजावलं होतं की घर जोडीनं दाखवायचं.

“एकट्या पुरुषाचं घर कोन घेत नाय, दादा,” अंकुश म्हणाला होता. “पयला प्रश्न काय येतो? का विकता? तुमी म्हननार, डायव्होर्स. खलास. बरोबर आलेली म्हातारी बोलनार, या घरात नांदनूक नाय, आनि चपला घालून सरळ खाली.”

“मग काय, खोटं बोलू?”

“खोटं कुठं? कागदावर वैनी अजून तुमचीच हाय ना? एक दुपार येऊ द्या. चहा करू द्या. बस.”

अंकुश इथल्याच गावचा. हा टॉवर उभा आहे तिथं त्याच्या आजाची भातशेती होती. गिऱ्हाइकाला गॅलरीत उभं करून तो हमखास खाली बोट दाखवायचा, “आमचा आजा तिथं भात झोडायचा.” एकदा कुंदननं त्याला विचारलं होतं, “आजाला कधी तोटा नाही झाला?” अंकुश हसला. “झाला ना. जमीन इकली तेवाच.”

कुंदन न्हावा शेव्याच्या एका यार्डात कंटेनर सर्व्हेअर. प्रिया तिथल्याच एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं बघायची. ती कामात त्याच्यापेक्षा पुढंच होती. लग्न झालं, उलव्याला घर घेतलं, ते भाव अगदी शेंड्यावर असताना. विमानतळ येतोय, पूल येतोय, मेट्रो येतेय, आता नाही घेतलं तर पुन्हा कधीच नाही, असं तेव्हा रिक्षावालासुद्धा सांगायचा. कुंदननं गावच्या घरातला आपला हिस्सा मोठ्या भावाच्या नावे करून दिला आणि ते पैसे बुकिंगला घातले. पूल आला. विमानंही उडायला लागली. भाव तेवढा उतरला. बिल्डरचे निम्मे फ्लॅट पडून राहिले, ज्यांनी गुंतवणूक म्हणून घेतले होते त्यांनी कुलपं लावली, आणि चौदाव्या मजल्यावरच्या चार दारांपैकी एकाच दाराबाहेर चपला दिसायला लागल्या.

नवराबायकोचं का फाटलं, हे दोघांनाही धड सांगता आलं नसतं. कुणी कुणाला मारलं नाही, फसवलं नाही. एके दिवशी प्रिया जुईनगरला आईकडे गेली आणि परत आली नाही, एवढंच. दोघांच्या संमतीनं वेगळं व्हायचं ठरलं. वकील म्हणाला, घर विका, वाटून घ्या, सह्या करा, मोकळे व्हा. पण घर आता कर्जापेक्षाही कमी किमतीचं होतं. नफा असला की त्याच्या वाटणीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात. इथं वाटायला तोटा होता आणि त्याच्यावर कुणीच हक्क सांगत नव्हतं.

म्हणून ते लग्न तसंच राहिलं, कर्जाच्या दोन नावांत अडकून. दर महिन्याला प्रियाचा मेसेज यायचा, ‘भरले.’ कुंदन लिहायचा, ‘ओके.’

मालक प्रत्यक्ष भेटतील

प्रियानं बेल वाजवली. दारावर तिच्याच नावाची पाटी होती, तरी वाजवली.

“कांदा करपलाय,” ती आत येत म्हणाली.

“वासासाठी टाकलाय. अंकुश म्हणाला, घरात फोडणीचा वास पाहिजे.”

“करपल्याचा वास असला म्हणजे तर नक्कीच कुणीतरी नांदतंय.”

तो हसला. आपण मोठ्यानं हसलो हे त्याला आवाज भिंतीवर आपटून परत आला तेव्हा कळलं. हॉलमध्ये एक खुर्ची, एक गादी आणि टीव्हीचा रिकामा खोका, एवढंच होतं. प्रियानं पिशवी उघडली. तिनं बायकी चपलांचा एक जोड काढून दाराबाहेर त्याच्या चपलांशेजारी ठेवला. कंगवा बाथरूमच्या आरशापाशी. एक सुती साडी ओली करून, पिळून गॅलरीतल्या दोरीवर टाकली. शेवटी ऑफिसातल्या रंजिताचं मागून आणलेलं मंगळसूत्र गळ्यात घालून आरशात पाहिलं आणि पदराखाली सरकवलं. स्वतःचं तिनं कुठं ठेवलं, हे त्यानं विचारलं नाही.

दाराबाहेरच्या चपला त्यानं आधी कधी पाहिल्या नव्हत्या. टाच झिजलेली. म्हणजे घेऊन बरेच दिवस झाले होते, आणि ती त्या घालून कुठं कुठं जाऊनही आली होती.

“कप?” तिनं ओट्यापाशी जाऊन विचारलं.

“अंकुशनं आणून ठेवलेत त्याच्या घरनं. माझ्याकडे एकच आहे.”

“बाकीचे कुठं गेले?”

“फुटले असतील.”

ते फुटले नव्हते. माळ्यावर खोक्यात होते. कशाला खोटं बोललो, हे त्याचं त्यालाच उमगलं नाही.

पाणी चोवीस तास

गिऱ्हाईक आलं ते करावं गावचं. प्रणय नावाचा मुलगा, लग्न ठरलेली त्याची मनस्वी, आणि प्रणयची आजी यशोदाबाई. मुलगा एका बँकेत, मुलगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये. आजीनं उभा जन्म मासळी विकण्यात काढलेला. घरही तिनं मासळीसारखंच पाहिलं. भिंतीवर बोटानं टकटक केलं, मोरीत वाकून वास घेतला, नळ सोडून पाण्याची धार तळव्यावर घेतली.

“या मजल्यावर दुसरं कोन रेतं?” तिनं विचारलं.

“सध्या आम्हीच,” कुंदन म्हणाला.

“शांत आहे एकदम,” प्रिया लगेच म्हणाली.

“शांत लय चांगलं नसतं गं. भांडायला तरी शेजारी पायजे.”

मनस्वी खुदकन हसली. “आजी करावेत सगळ्या आळीशी भांडते.”

“म्हनून तर सगली आली मना ओलखते!”

मग चहा झाला. अंकुश मधोमध बसून भावाचं सोडून जगातलं सगळं बोलत होता. मनस्वीनं विचारलं, सुरुवातीला इथं कसं होतं? प्रिया म्हणाली, “लाइटच नव्हती. आम्ही मेणबत्तीवर—”

“—मॅगी केली,” कुंदन म्हणाला.

“मॅगी कसली! गॅस पण नव्हता. हा खाली वॉचमनकडून—”

“—भुर्जी-पाव घेऊन आलो. चौदा मजले चढून. लिफ्ट बंद.”

“आणि पाव विसरला.”

“पाव नाही विसरलो. अकराव्यावर बसून खाल्ला.”

सगळे हसले. हे सगळं खरं घडलेलं होतं. एकाचं वाक्य दुसऱ्यानं उचलायचं, दुसऱ्याचं पहिल्यानं मोडायचं, ही दोघांची जुनी सवय. ती अशी एकदम सुरू होईल असं कुंदनला वाटलं नव्हतं. नळ बरेच दिवस बंद असला की आधी हवा येते, मग गढूळ पाणी येतं. इथं तर पहिल्या धारेपासून निवळ. त्यानं प्रियाकडे पाहिलं. ती मनस्वीकडे पाहून हसत होती आणि हाताची बोटं मंगळसूत्राशी चाळा करत होती, उसनं आहे हे विसरून. निदान त्याला तरी तसं वाटलं.

यशोदाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. “पोरी, पानी दे जरा. तुझ्या हातचं.”

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. कुंदन दाराच्या अलीकडेच उभा होता, त्यामुळे त्याला सगळं ऐकू आलं.

“मना खरं सांग हां,” म्हातारी म्हणाली. “पुरुषमानसांना काय इचारायचं? घर बाईला कलतं. लाभलं का तुला?”

नळाचं पाणी पेल्यात पडत होतं. पेला भरला तरी नळ लगेच बंद झाला नाही.

“घराचं काही चुकलं नाही, आजी,” प्रिया म्हणाली.

मग घटाघटा पाणी पिण्याचा आवाज.

“हां,” म्हातारी म्हणाली. “मंग हरकत नाय.”

तिला सगळं कळलं की काहीच कळलं नाही, हे कुंदनला पुढंही कधी ठरवता आलं नाही. ती बाहेर आली आणि नातवाला म्हणाली, “घेऊन टाक. पन आपल्या घरची रीत हाय. देनाऱ्यांनी जोडीनं नारल द्यायचा, आनि घेनाऱ्यांनी जोडीनं घ्यायचा. चौघांचे हात लागले पायजेत. एकट्यानं दिलेला नारल आमी घेत नाय.” मग कुंदनकडे वळून, “देशील ना रं बाला?”

“देऊ की,” कुंदन म्हणाला.

भाव समक्ष बोलू

प्रणयनं आकडा सांगितला. मुलगा सरळ होता. आपल्याला बँकेकडून किती मिळेल आणि आजीच्या पाटल्या मोडून किती येतील, हे त्यानं लपवलं नाही. अंकुशनं भुवया उंचावल्या, म्हणजे याच्यावर काही मिळायचं नाही. कुंदननं “एक मिनिट हां” म्हटलं आणि दोघं आतल्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं.

त्या खोलीत काहीच नव्हतं. पडद्याची दांडी, आणि भिंतीवर कपाटाची फिकी खूण.

“हा आकडा कर्जाच्या खाली आहे,” तो कुजबुजला.

“माहीत आहे.”

“वरचे भरल्याशिवाय बँक कागद सोडणार नाही.”

“कुंदन, मला माहीत आहे.”

“मग कोण भरणार?”

बाहेर अंकुश काहीतरी विनोद सांगत होता. त्याच्या आजाची, बैलाची आणि तलाठ्याची गोष्ट. ती तो सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगायचा.

“मी भरते,” प्रिया म्हणाली.

“अर्धे?”

“सगळे. माझा पीएफ आहे, आणि आई काही द्यायला तयार आहे. तू एक पैसा घालू नकोस. नारळाला हात लाव, सही कर, झालं.”

कुंदननं तिच्याकडे पाहिलं. इतके महिने त्याची समजूत होती की तोट्यावरून दोघांचं घोडं अडलंय. तोही सोडत नाही, तीही सोडत नाही, म्हणून हे चाललंय. ती पैसे भरून सुटायला तयार असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्यापासून सुटायला कुणी एवढी किंमत मोजू शकतं, हे ऐकून माणसाला आपण महाग झालो असं वाटावं की स्वस्त?

“ते तुझं जहाजाचं काय असतं?” तो म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून. “माल फेकला की तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. तूच सांगायचीस.”

“जहाज वाचलं तर,” ती म्हणाली. “बुडालं तर ज्याचं त्यानं बघायचं.”

ती थट्टा करत नव्हती. तिच्या ऑफिसात कुणी विचारलं असतं तर तिनं हेच, याच आवाजात सांगितलं असतं. तिनं दाराची कडी धरली.

“चल. लोक थांबलेत.”

त्या दोन पावलांच्या अंतरात कुंदनच्या मनात काय आलं ते सांगायचं तर भावाचं काही आलं नाही, बँकेचं आलं नाही. महिना बदलल्यावर फोन थरथरतो आणि त्यावर एक शब्द येतो, तो आला. हे घर गेलं की तो शब्द पाठवायचं तिला काही कारण उरणार नाही. लोकांना संसार जोडून ठेवायला मूल असतं, देव असतात, निदान भांडण तरी असतं. या दोघांकडे बाजारभाव होता. तो पडला होता म्हणून ती अजून त्याची होती.

हॉलमध्ये सगळ्यांनी मान वर केली. मनस्वी गॅलरीच्या दारात उभी राहून, पडदे कुठल्या रंगाचे लावायचे हे हातानं हवेत मापत होती.

“नाही जमणार,” कुंदन म्हणाला.

“काय?” अंकुश.

“एवढ्याला नाही जमणार. फारच कमी आहे. सॉरी.”

“दादा,” अंकुश हळूच म्हणाला, “आपलं बोलनं झालं होतं.”

“नाही जमणार म्हटलं ना.”

प्रिया दारातच उभी राहिली. ती काही बोलली नाही. बोलली असती तर नाटक उघडं पडलं असतं. नवरा नाही म्हणाला की नांदती बायको चारचौघांत काय बोलणार? तिनं घेतलेल्या सोंगानंच तिचं तोंड बंद केलं होतं, आणि हे कुंदनला बोलतानाच माहीत होतं.

प्रणय उठला. त्यानं कप नीट बशीत ठेवला. मनस्वीनं पर्स उचलली. यशोदाबाई मात्र कुंदनसमोर येऊन थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्याच्या रंगावरून ताजं-शिळं ओळखणारी बाई.

“द्यायचंच नव्हतं, तर येवढा चहा कशाला पाजलास रं?”

मग ती प्रियाजवळ गेली. तिच्या पाठीवरून एकदाच हात फिरवला आणि बाहेर पडली.

दोन बाजूंनी हवा

गॅलरीतून खालचं आवार दिसतं. तिघं आणि अंकुश इमारतीतून बाहेर पडले. गेटकडे न वळता उजवीकडे गेले, बिल्डरच्या विक्री ऑफिसकडे. पुढं अंकुश, हातवारे करत. कुंदनला त्याचा राग आला नाही. माणूस कामाला लागला होता.

आत प्रिया सामान गोळा करत होती. दोरीवरची साडी अजून ओलीच होती. ती तिनं घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली. कंगवा घेतला. मंगळसूत्र काढून डबीत ठेवलं, डबी पर्समध्ये.

“भाव कमी होता,” कुंदन म्हणाला.

“फरक मी भरणार होते.”

“तुला झेपला नसता.”

“मला काय झेपतं ते मी बघितलं असतं.”

“अजून थोडं थांबलो तर वर जाईल. सगळे म्हणतात.”

“कोण सगळे?”

या मजल्यावर नाव सांगायला होतंच कोण?

ती चपला घालायला वाकली, पट्टा लावला, आणि तशीच वाकलेली असताना म्हणाली, “पुढच्या वेळी मला बोलवू नकोस. काय असेल ते वकिलाला सांग.”

“बरं.”

“आणि माझ्या वाट्याचा हप्ता या महिन्यापासून बँक परस्पर कापून घेईल. मी फॉर्म भरून देणार आहे. दर वेळी मी कळवत बसणार नाही.”

“प्रिया.”

ती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिचा चेहरा नुसता दमलेला होता.

“कांद्याचा गॅस बंद केलास ना?” ती म्हणाली.

“केला.”

लिफ्टचं दार उघडलं, मिटलं. कुंदन चौकटीत उभा राहिला. खाली खाली जाणारा आवाज पातळ होत गेला आणि मग इमारत पुन्हा गप झाली.

त्यानं कप विसळले. अंकुशचे होते, परत द्यायचे होते. कढईतला करपलेला कांदा चमच्यानं खरवडून तो ओट्यापाशी उभ्या उभ्याच खात राहिला, शिळ्या चपातीबरोबर. ऊन गॅलरीतून आत आलं, हॉलभर पसरलं आणि अडवायला काहीच नसल्यामुळे थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेलं.

मग अंकुशचा फोन आला.

“दादा, वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी बाराव्यावरचा घेतला. बिल्डरचा, कोरा. किचन करून देतोय, तुमच्यापेक्षा खालच्या भावात. आता गिऱ्हाइकं तोच भाव मागनार. तुमचा पन तिथंच येनार, दादा. सांगून ठेवतो.”

“बरं.”

मग कुंदननंच विचारलं, “त्या म्हातारीचं नारळाचं?”

“बिल्डरनं सेल्सच्या पोराला आनि पोरीला उभं केलं. त्यांनी दिला. जोडीच की ती, ऑफिसातली.” अंकुश हसला. “म्हातारीनं नाय घेतला. पोरांनी घेतला.”

“बरं.”

“वैनी गेल्या?”

“गेली.”

“मस्त केलं हां त्यांनी. मनापासून. मना तर वाटलं…” तो अडखळला. “जाऊ दे. कप राहू द्या तुमच्याकडेच. नंतर नेतो.”

कुंदननं फोन ठेवला. कप पुसून ओट्यावर पालथे घातले.

फ्लॅटचं बुकिंग झालं त्याच महिन्यात प्रियाच्या कंपनीनं तिला कोचीनच्या ऑफिसची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. हप्ते सुरू होणार म्हणून ती गेली नाही. तो तोटा तिनं कधी कुणाला वाटून मागितला नाही.